तलावातला वाटा

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, तलाव बांधणाऱ्याचा देव होतो. नवेगावबांधचा कोलू पाटील कोहळी हा त्यातला सगळ्यांत मोठा. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं डोंगरांमधल्या फटी मातीनं बुजवून एवढं पाणी अडवलं, की इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरवाल्यांनी त्या तलावाचा घेर १७ मैल लिहून ठेवला. कोलू मेला आणि कोलासूर झाला. तलावाकाठच्या एका टेकडीवर त्याचं ठाणं झालं. आसपासच्या सात टेकड्या म्हणजे सात बहिणी. रात्री घण घेऊन त्या पाळीच्या कामावर येत, असं सांगतात.

माझा आजा ही गोष्ट सांगे तेव्हा त्यात स्वतःची एक ओळ घाली. "बहिनी राती येत. पन दिवसा मानसं येत होते बापू. मानसं पयले आले, मंग बहिनी आल्या." लहानपणी मला बहिणींचंच कौतुक होतं. घण घेतलेल्या सात बायका डोळ्यांसमोर यायच्या, त्यामुळे आज्याच्या त्या ओळीकडे माझं लक्ष गेलं नाही. आज वाटतं की सगळी गोष्ट त्या ओळीतच होती.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूरचा काही भाग मिळून असे जुने तलाव सहा-सात हजार भरतील. सरकारी कागदात ते 'माजी मालगुजारी तलाव', म्हणजेच मामा तलाव. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात यातल्या कित्येकांची सुरुवात झाली. जो तलाव बांधेल त्याला त्याच्या पाण्याखाली भिजणारी जमीन, असा त्या राजांचा कौल होता, हे आमच्याकडे म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. कोहळ्यांना गोंड राजानं काशीहून आणलं, अशीही एक आख्यायिका आहे. ती खरी असो की नसो, जमिनीचा उतार बघून पाणी कुठं थांबेल हे सांगणारी नजर या जातीकडे होती, हे मध्य प्रांतातल्या जातींवर लिहिणाऱ्या रसेल आणि हिरालाल यांच्यासारख्यांनी नोंदवून ठेवलं आहे. सोबत उसाची हौस. तलावाखाली धान, धानाशेजारी ऊस आणि पौषात गुऱ्हाळ.

बाहेरच्या माणसाला प्रश्न पडतो, की तेराशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो तिथं तलाव कशाला? उत्तर अश्विनात आहे. आषाढ-श्रावणात नको नको म्हणेपर्यंत पडतो आणि भाद्रपदात पाठ फिरवतो. हलका धान तेवढ्यात निघून येतो. भारी धान मात्र तेव्हा कुठं निसवायला लागलेला असतो. त्या पंधरा-वीस दिवसांत बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पाणी नसलं, तर लोंबी भरत नाही आणि घरात तणसाशिवाय काही येत नाही. तलाव त्या पंधरा-वीस दिवसांसाठी असतो. बाकीचं वर्षभर तो गुरांचा, धुणं धुणाऱ्या बायांचा, कुंभाराच्या मातीचा, शिंगाड्याचा, कमळकाकडीचा, दहाव्या दिवसाच्या आंघोळीचा आणि पोहायला शिकणाऱ्या पोरांचा.

पाळीच्या आतल्या अंगाला तुडूम असतो. दगडी पायऱ्यांसारखं बांधकाम पाण्यात उतरत जातं. प्रत्येक टप्प्याला एक भोक आणि भोकात लाकडी बूच. वरचं बूच काढलं की वरचं पाणी तुडमात पडतं, पाळीच्या पोटातून पलीकडे पाटाला लागतं. पाणी उतरलं की त्याखालचं बूच. एकदम सगळं पाणी सोडता येतच नाही, अशी ती योजना. आजा तरुणपणी आमच्या गावच्या तलावाच्या बुचांवर होता. अश्विनातल्या पहाटे लंगोट लावून पाण्यात उतरायचं, चाचपत भोक शोधायचं, बूच हलवायचं आणि ते सुटलं की हात ओढला जायच्या आत बाजूला व्हायचं. "हात गेला तं गेला," म्हणे. त्याच्या उजव्या मनगटावर आडवा वळ होता. बूच सुटलं, की पाळीवर बसलेले लोक श्वास धरून पलीकडच्या आवाजाची वाट बघत. पाटाला पाणी लागल्याचा आवाज आला की मगच कोणीतरी तंबाखूची डबी काढायचं.

कोणतं बूच कधी काढायचं, हे आजा ठरवत नसे. गावाचा मालक असलेला मालगुजारही एकटा ठरवत नसे. तोंडाजवळच्या बांधीला आधी की टोकाच्या बांधीला, यावर चावडीत रात्र जायची. कमी पावसाच्या वर्षी तलावाखालच्या किती बांध्यांना पाणी पुरवायचं, हेही तिथंच ठरे. आणि ज्याची जमीन तलावाखाली, त्याच्या घरचा एक माणूस जेठात पाळीच्या कामाला फावडं-टोपलं घेऊन हजर पाहिजे. माणूस आला नाही तर अश्विनात त्याच्या पाण्याचा विषय निघताना चार लोक खाकरत. दंड यापेक्षा मोठा असल्याचं आज्याला आठवत नव्हतं.

हे सगळं हवेत नव्हतं, कागदावरही होतं. १८६० च्या दशकातल्या जमाबंदीत इंग्रजांनी मालगुजारांना गावाची मालकी दिली, पण गावच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्ज नावाच्या कागदात नोंदवून घेतल्या. चराई कुठं, जळण कुठून, पाणी कोणाला, मासे कोणाचे. निस्तार हा शब्द तेव्हापासून आमच्या जिभेवर आहे. निस्ताराचा तलाव, निस्ताराचं जंगल. शेतसाऱ्यासोबत मिळालेला हा हक्क आहे, तो कोणी दान दिलेला नाही, अशी त्यामागची समजूत.

इथपर्यंत ऐकलं की आमच्या लोकांचा ऊर भरून येतो. समाजाच्या मेळाव्यांत कोलू पाटलावर भाषणं होतात, फोटोला हार पडतात. मीही तसली भाषणं केली आहेत. पण ही गोष्ट पुरती कळायची असेल तर ढिवरटोलीत, म्हणजे मासे धरणाऱ्या ढिवरांच्या वस्तीत, जावं लागतं.

टोलीतल्या एका आजीकडे मी बरीच वर्षं जात होतो. नात्यानं कोणी नाही, पण गावच्या रिवाजानं आजीच. सकाळी मासे विकून आली, की ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसे. तिला मी आज्याच्या गोष्टी सांगितल्या. तिनं सगळं ऐकून घेतलं, जाळ्याची गाठ दातानं तोडली आणि म्हणाली, "तुह्या आज्याले पानी दिसे, आमाले मासोरी दिसे. पन पयली मासोरी वाड्यावर जाये." मग तिनं आपल्या बापाची हकीकत सांगितली. तलाव उतरला, की मासे धरायची परवानगी मालगुजाराकडून घ्यावी लागे. मोठे मासे वाड्यावर, मधले पंचांकडे आणि उरलेले धरणाऱ्याच्या टोपलीत. पाळीवर माती टाकायला ढिवर जात, गोंड जात, महार जात. तलावाखाली त्यांच्यातल्या कोणाची बांधी नव्हती. "माती आमची बी हाये त्या पारीत," आजी म्हणाली. "चावडीत आमी मात्र उभे राहू, बसू नाही."

आज्याची गोष्ट खोटी नव्हती आणि आजीचीही नाही. तलाव टिकला, कारण तो ज्यांना हवा होता ते रोज त्याच्याकडे बघत होते. पण तो सगळ्यांचा होता, हे म्हणणं आपण सोडावं. श्रमात सगळ्यांचा वाटा होता, पाण्यात काहींचा आणि बोलण्यात थोड्यांचा. निसर्गरक्षणाच्या सभांत 'आपल्या पूर्वजांची परंपरा' असं कोणी सुरू केलं, की मला टोलीतला तो ओटा आठवतो.

१९५१ साली मालगुजारी गेली. तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या विधानसभेनं १९५० मध्ये कायदा केला, पुढच्या वर्षी ३१ मार्चपासून तो लागू झाला आणि गावं, जंगलं, तलाव सरकारजमा झाले. जमीनदारी जायलाच हवी होती, त्याबद्दल दुमत नाही. आजा स्वतः त्या दिवशी गूळ वाटून आला होता. पण त्याच्या सांगण्यात एक वाक्य हमखास येई. "मालगुजार गेला, त्याच्यासंगं तलावाचा मालक गेला. सरकार मालक झाला, पन सरकार भंडाऱ्यात राहे."

भंडारा आमच्या गावाहून सत्तर-ऐंशी किलोमीटर. १९९९ साली जिल्हा तुटला आणि सरकार गोंदियाला आलं, पण अंतरात काही फार फरक पडला नाही.

पुढं जे झालं ते हळू झालं, म्हणून कोणी ओरडलं नाही. शंभर हेक्टरपेक्षा कमी सिंचनाचे तलाव जिल्हा परिषदेकडे गेले, मोठे पाटबंधारे खात्याकडे. बुडीत जमीन महसूल खात्याची. मासेमारीच्या ठेक्याचा कागद आणखी वेगळ्या टेबलावर. एका तलावाचे तीन-तीन मालक झाले आणि फुटलेल्या पाळीसाठी कोणाकडे जायचं हे कळेना. मग पाणीपट्टीचा वाद. सरकार म्हणे पाणी घेता तर पट्टी भरा. लोक म्हणत, निस्तारात पाणी आमचंच, पट्टी कशाची? लोकांनी भरली नाही, सरकारनं दुरुस्ती केली नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर होत्या आणि तलाव मधल्या मध्ये बुजत होता. जेठातलं फावडं-टोपलं पहिल्या दहा-पंधरा वर्षांतच बंद पडलं. सरकारी पाळीवर फुकट माती कोण टाकेल? माझ्या वडलांच्या पिढीनं हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं आहे, की ती म्हण वाटावी.

त्यातच गाढवी नदीवर इटियाडोह धरण झालं. कालव्याचं पाणी आलं, त्यानं पुष्कळांचं भलंही झालं. ज्यांच्याकडे कालवा नाही त्यांनी बोअर मारली. तलावाकडे बघणारे डोळे कमी झाले. गाळ भरत गेला. काठाला बेशरम वाढली. बेशरमीची झुडपं ज्यांनी पाहिली नसतील त्यांना सांगतो, फुलं मोठी देखणी असतात, जांभळट गुलाबी. गुरं तिला तोंड लावत नाहीत, तोडली तर फुटते, पाण्यात बुडवली तरी जगते. नाव ठेवणाऱ्यानं विचार करून ठेवलं आहे. आणि तलावाच्या पोटाकडून अतिक्रमण. आधी उन्हाळ्यात गाळपेर म्हणून चार ओळी काकडी, मग धुऱ्याला दगड, मग दगडाची पाळ, मग बांधी. आमच्या गावात हे करणारे परके नव्हते. भावकीतलेच होते. ग्रामसभेत तलावाचा विषय निघाला की सगळे एकमेकांच्या चपलांकडे बघत, त्याचं कारण हेच.

आम्ही काही जणांनी तलाव वाचवायचं ठरवलं तेव्हा गावात पाठिंबा उभा करण्याचे सगळे ठरलेले उपाय केले. फलक लावले. शाळेच्या पोरांची फेरी काढली. शपथ घेतली. आमच्याकडे दिवाळीनंतर मंडईचा हंगाम असतो, गावोगाव दंडार आणि नाटक. वडशाहून नाटक मंडळी येतात, रात्री दहाला पडदा उघडतो आणि सकाळी कोंबडा आरवेपर्यंत खेळ चालतो. दोन-तीन हजार माणूस एका जागी बसलेलं. यापेक्षा मोठी सभा कोणत्याही पुढाऱ्याला मिळत नाही. पहिल्या अंकानंतर दहा मिनिटं आम्ही मागून घेतली आणि तलाव, पर्यावरण, पुढची पिढी असं बोललो. लोकांनी शांतपणे ऐकलं. टाळ्या वाजवल्या. मागून एकानं ओरडून विचारलं, "हिरोईन कवा येते?" त्याच्यावर मला राग आला नाही. त्याला तलावाबद्दल आम्ही विचारलं काहीच नव्हतं, नुसतं सांगितलं होतं.

याच्या अगदी उलट काम आमच्याच अर्जुनी मोरगाव भागात सुरू होतं. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्यातले मनीष राजनकर यांनी सुरुवात ढिवरांना विचारण्यापासून केली. तुमच्या लहानपणी या तलावात कोणते मासे होते? ते कशात अंडी घालत? कोणतं गवत कुठं उगवे? म्हाताऱ्या ढिवरांच्या डोक्यात जे होतं ते कुठल्याच खात्याच्या फाइलीत नव्हतं. सरकारी मत्स्यपालनानं रोहू, कतला, मृगळ यांचं बीज दरवर्षी विकत आणून सोडायला शिकवलं. पुढं गवत्या म्हणजे ग्रासकार्प आला, त्यानं पाण्यातली वनस्पती खाऊन टाकली. गावठी मासे त्या वनस्पतींतच वाढतात, लपतात, अंडी घालतात. वनस्पती गेल्या तसे तेही गेले, आणि त्या गवतावर उतरणारी बदकंही कमी झाली. म्हणून मंडळानं आणि मच्छीमारांनी मिळून काही तलावांत बेशरम मुळासकट काढली, उन्हाळ्यात तळ नांगरला आणि दुसऱ्या तलावांतून आणून पाणवनस्पती पुन्हा लावल्या. तलावात गवत लावणारे लोक म्हणून आधी हसू झालं. मग मासे वाढले तसं हसणारे बघायला येऊ लागले.

ते बघून आम्ही पुन्हा टोलीत गेलो, या वेळी कागद-पेन घेऊन. आजी तोवर पार थकली होती. दिसत कमी. शेजारच्या तलावातून उपटून आणलेल्या वनस्पतींची ओली जुडी तिच्या पुढ्यात ठेवली. तिनं एकेक काडी बोटांत घेतली, चुरगळली, नाकाशी नेली. एक तोंडात घातली. ही खोल पाण्यातली, ही काठाची. हिच्यात झिंगे राहतात. हिच्या बुडाशी मरळ पिल्लं घेऊन फिरते, तेव्हा तिला धरायचं नाही. हे देवधान, पाण्यात आपोआप येणारा रानभात, उपासाला चालतो. पूर्वी आम्ही डोंग्यात बसून झोडून आणायचो. नातसुना भोवती जमल्या होत्या. त्यातल्या एकीनं म्हटलं, आजीनं हे आम्हाला कधी सांगितलं नाही. आजी म्हणाली, "कोनी पुसलंच नाही."

त्या वर्षीच्या ग्रामसभेला टोलीतल्या बाया आल्या. आल्या आणि बसल्या. मी मुद्दाम सांगतो, बसल्या.

आणि लगेच भांडण सुरू झालं. ते व्हायलाच हवं होतं. धानवाल्यांना अश्विनात शेवटच्या थेंबापर्यंत पाणी पाहिजे. मच्छीमार संस्थेला उन्हाळ्यापर्यंत तळाशी पाणी पाहिजे, नाहीतर मासे जगणार कसे आणि पुढच्या पावसात बीज येणार कुठून? आजवर हे भांडण कधी झालंच नव्हतं, कारण धानवालेच बोलत आणि बाकीचे ऐकत. तीन सभा नुसत्या आरडाओरड्यात गेल्या. चौथ्या सभेत एका म्हाताऱ्यानं आज्याच्या वेळची गोष्ट काढली. तुडमाचं सगळ्यांत खालचं भोक पूर्वी कधी उघडत नसत, तेवढं पाणी गुरांचं. मालगुजारानं सांगितलं तरी आजा ते बूच काढत नसे. बस, तोडगा निघाला. गुरांचं पाणी तेच मासोळीचं पाणी. शेवटचं भोक बंद. आता तिथं लाकडी बूच नाही, सिमेंटनं लिंपलेलं आहे, आणि त्याच्यावर सही कोणाची नाही.

पोटातलं अतिक्रमणही थोडं हटलं. सगळं हटलं असं मी म्हणणार नाही. भावकीतल्या दोन घरांनी स्वतः धुरा मागे घेतला, एकानं अजून घेतलेला नाही आणि त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे. पंजाबातल्या एका गावच्या तळ्यावर घरं बांधल्याच्या खटल्यात, जगपाल सिंग प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं २०११ च्या जानेवारीत देशभरातल्या सरकारांना गावच्या सामाईक जमिनीवरची, तळ्यांवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं. निकाल चांगला आहे. पण निकाल हातात घेऊन चुलतभावाच्या दारात उभं राहायला गाव पाठीशी लागतं. ते नसेल तर पुढच्या सणाला पुन्हा दगड तिथंच.

हे आमच्यापुरतं नाही. शेजारच्या गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा पुष्कळांना माहीत असते. घोषणेमागची मेहनत कमी लोकांना माहीत असते. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं अभ्यासगट चालवले. कायदा, जंगल, बांबू, एकेक विषय घेऊन लोक बसत, बाहेरचा माहीतगार बोलावत आणि वर्षानुवर्षं बोलत. निर्णय मात्र सगळ्या गावाचा, तोही सर्वसहमतीनं. एक जरी माणूस नाही म्हणाला तरी थांबायचं. शहरातल्या माणसाला हा वेळेचा अपव्यय वाटेल. पण २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली जंगलाचा सामूहिक हक्क देशात पहिल्यांदा मिळाला तो त्यांना, सुमारे १,८०० हेक्टरवर, आणि शेजारच्या मर्दा गावाला. २०११ च्या एप्रिलमध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्याआधी कितीतरी वर्षं ते गाव नुसतं बसून बोलत होतं. मंत्री येतात ते शेवटच्या पानावर.

गोंदियाच्या सारसांचंही तेच. महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ आमच्याच भागात उरला आहे. तो घरटं करतो धानाच्या बांधीत, म्हणजे कोणाच्या तरी पिकात. घरट्यापायी तेवढ्या जागेतला धान जातो. गोंदियाची सेवा ही संस्था गावोगाव शेतकऱ्यांना भेटत राहिली, उन्हाळ्यात सारसगणनेला त्यांनाच सोबत घेत राहिली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांची स्वतःहून दखल घेतली, प्रशासन हललं. पण अंडी उबेपर्यंत रोज बांधीत जाणारा माणूस शेतकरीच. त्याला सारस आपला वाटला नाही, तर कोणत्याही कोर्टाचा आदेश त्या घरट्याशेजारी रात्रभर उभा राहत नाही.

मारुती चितमपल्ली नवेगावला वनाधिकारी म्हणून आले, तेव्हा पक्ष्यांची आणि तलावाची कितीतरी माहिती त्यांना माधवराव पाटील डोंगरवारांकडून मिळाली, आणि ती त्यांनी पुस्तकांत मोकळेपणानं लिहून ठेवली. डोंगरवार कोलू पाटलाच्या वंशातले. अधिकारी गावच्या माणसाकडे शिकायला बसला, ही त्यातली मोलाची गोष्ट. सगळ्या खात्यांत असे चितमपल्ली नसतात, हे खरं. पण गावात विचारण्यासारखी माणसं असतात, आणि ती कमी होत चालली आहेत. आमच्या टोलीतली आजी गेली. तिनं सांगितलेल्या वनस्पतींची यादी माझ्या वहीत आहे. त्यातल्या काही नावांची झाडं मला अजून सापडलेली नाहीत.

आता वाचणाऱ्याला एकच सांगणं आहे, आणि ते कागदाचं आहे. विदर्भातले असाल तर आपल्या गावचं निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज यांची नक्कल तहसील कचेरीत मागा. जुने म्हणून हे कागद रद्द झालेले नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये कलम १६१ निस्तार पत्रकाचं आहे आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जचं. पाण्याच्या, वाटेच्या, मासेमारीच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जमध्ये नोंदवायच्या असतात. निस्तार पत्रक ठरवताना गावकऱ्यांचं म्हणणं विचारात घ्यायचं, असं कायदाच सांगतो, आणि ग्रामपंचायतीनं मागणी केली तर जिल्हाधिकारी त्यातल्या नोंदीत बदल करू शकतात. उरलेल्या महाराष्ट्रात असाल तर तलाठ्याकडे गायरानाचा सातबारा आणि गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही बघा. बघायला एकटे जाऊ नका. गावातल्या दोन म्हाताऱ्यांना सोबत न्या, त्यातला एक तरी असा असू द्या की ज्याच्या नावावर जमीन नाही. नक्कल मिळायला वेळ लागेल, पहिल्या खेपेला बाबू जागेवर नसेल. तरी जा, आणि मिळालेला कागद २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा.